चिमूटभर भुसा

गंमतवाल्याच्या दुकानात कधी गेलात तर एक करा, खुर्चीवर बसू नका. बसलात की ती असा काही आवाज काढते की भला माणूस लाजून चूर होतो, आणि गंमतवाला काउंटरमागे सुतळी गुंडाळत, कानावर काही आलंच नाही अशा तोंडानं विचारतो, "बोला, काय दाखवू?"

दुकान म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरचं एवढंसं खोपटं. आत रबरी झुरळं, नकली दात, फुंकर मारली तरी पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्त्या, टोपण काढलं की हाताला झिणझिण्या आणणारं पेन, तळाशी माशी चिकटवलेले कप. पन्नाशी उलटली तरी माणूस स्वतःच्याच मालावर खूश. वस्तू देताना गिऱ्हाइकाला एक सल्ला फुकट द्यायचा. सामान कुणीही विकत घेईल, पण चेहरा विकत मिळत नाही. कप पुढे करताना तुमच्या ओठाचा कोपरा जरी हलला तरी गंमत मेली. चेहरा पाटीसारखा कोरा पाहिजे.

अशा माणसाला उंदरांच्या समितीवर कुणी घेतलं, हा प्रश्न त्याच्या बायकोलाही पडला होता.

झालं असं की रस्त्यापलीकडे एक संशोधन संस्था होती. तिथं औषधं आधी जनावरांवर करून बघायचे. नियम असा, की जनावराला काय करायचं, किती करायचं आणि कुठे थांबायचं, हे एक समिती ठरवणार. त्या समितीत एक माणूस असा पाहिजे की ज्याला विज्ञानातलं काही कळत नाही, जो संस्थेचा नोकर नाही, कुणाचा काका-मामा नाही. शुद्ध बाहेरचा. असा माणूस शोधत संस्थेच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, गल्लोगल्ली फिरत होत्या. पाय दुखले म्हणून गंमतवाल्याच्या दुकानात शिरल्या आणि खुर्चीवर बसल्या. खुर्ची बोलली. बाई लाजल्या नाहीत, हसल्याही नाहीत. उठल्या, खुर्ची उलटी केली, खालची रबरी पिशवी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "शिवण उसवत आलीय, बदलून घ्या." गंमतवाल्यानं तिथंच हात टेकले. काम काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, जे समजणार नाही ते विचारायचं. तो म्हणाला, शाळेत आयुष्यभर तेच केलं.

बैठकीत त्याचं बरं चालायचं. चहा, बिस्किटं, मोठाल्या टेबलाभोवती गंभीर मंडळी. कुणी म्हणालं की प्राण्याला किंचित अस्वस्थता जाणवेल, की हा विचारणार, किंचित म्हणजे चिमटा काढल्यासारखी की दारात बोट सापडल्यासारखी? मंडळी हसायची. पण हसून झालं की उत्तर द्यावं लागायचं, आणि तिथंच गोम होती. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसायच्या नाहीत. त्या उत्तराची वाट बघत बसायच्या.

आता घरचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच येऊन टेकते.

त्याच्या बायकोइतकं सुंदर हसणारं माणूस त्या वस्तीत नव्हतं. त्याच्या प्रत्येक नव्या मालाची पहिली परीक्षा तिच्यावर व्हायची, आणि ती फसायची, मग पोट धरून हसायची, मग त्याला लाटण्यानं बडवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या गालात कळ सुरू झाली. दात म्हणून दाखवलं, दात काढला, कळ तशीच. चेहऱ्याची शीर दुखावलीय, असं मग कळलं. दात घासला की कळ, वारा लागला की कळ, घास चावला की कळ. गालात तापलेली तार ओढल्यासारखी. डावा डोळा आवळून मिटायचा, ओठ एका बाजूला ताणला जायचा, आणि तोंडातून आवाजसुद्धा निघायचा नाही. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. पण सगळ्यात वाईट काय, तर हसलं की कळ यायची.

म्हणून त्यानं घरात गंमत बंद केली. घरी आला की पेपर तोंडासमोर धरून बसायचा. चुकून काही सुचलंच तर ओठ चावायचा. जगाला फसवणारा माणूस स्वतःच्या घरात फुलपात्रसुद्धा जपून ठेवायचा, उगाच आवाजानं हिला हसू फुटायला नको.

आणि समितीपुढे संस्थेतल्या एका प्रोफेसरांचा प्रकल्प आला तो नेमका याच शिरेचा. प्रोफेसर उंदरांची तीच शीर दुखावणार, तीच कळ उठवणार, आणि मग निम्म्यांना नवं औषध नि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून बघणार. गंमतवाल्यानं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, माझ्या घरी हाच आजार आहे, चालत नसेल तर मी उठतो. मंडळींनी डोकी जुळवली आणि चालतं म्हणाली. त्यानं हात वर केला. हात वर करताना मनात काय होतं ते सांगायची गरज नाही. औषध निघू दे, एवढंच. उंदरांचं काय व्हायचं ते होवो.

पण हा विचार सोपा असतो तो खोलीत जाईपर्यंत.

समितीनं अधूनमधून न सांगता खोली तपासायची असते. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून तिथं दिवस उलटा केला होता. रात्री दिवे लावायचे, दिवसा मालवायचे. दुपारच्या जेवणाच्या वेळेला, बाहेर ऊन मी म्हणत असताना, तुम्ही डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि बुटांना पिशव्या चढवून दोन दारं ओलांडायची की आत मिट्ट रात्र. एकच लाल दिवा. उंदरांना लाल रंग दिसत नाही, माणसाला जेमतेम दिसतं. फडताळांवर प्लास्टिकचे पिंजरे ओळीनं लावलेले. भुशाचा वास, मुताचा झोंबणारा वास, आणि सगळीकडून बारीक कुरकुर, शेजारच्या घरात कुणी शेंगा सोलत बसल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चेहरे वाचायला शिकवले. उंदराला दुखत असलं की डोळे बारीक होतात, गाल चपटे होतात, कान मागे जातात, मिशा ताठ होतात. तक्त्यावर प्रत्येक खुणेला शून्य, एक नाहीतर दोन. बेरीज हद्दीबाहेर गेली की त्या उंदराला कायमचं झोपवायचं, मग प्रयोगाचं काही का होईना. हा नियम बाईंचा जीव की प्राण. हद्दीपलीकडे दुखणारं जनावर माझ्या खोलीत राहणार नाही, असं त्या म्हणायच्या.

गंमतवाला पिंजऱ्याला नाक लावून बघायला गेला तर बाईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"हलू नका. माणूस समोर आला की उंदीर दुखणं लपवतो. आजारी दिसला की कुणीतरी खाणार, हे त्याला पोटातूनच माहीत असतं. दगडासारखे उभे राहा. तुम्ही नाही आहात असं वाटलं की मग तो चेहरा सोडेल."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला," तो म्हणाला.

उभा राहिला. बऱ्याच वेळानं समोरच्या पांढऱ्या उंदरानं चेहरा सोडला. डावा डोळा आवळून मिटला, तोंड एका बाजूला ताणलं. गंमतवाल्याला बाईंच्या तक्त्याची गरज पडली नाही. हा चेहरा तो रोज सकाळी दात घासायच्या वेळेला बघत होता.

सगळ्यात खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक पिंजरा वेगळा होता. त्याच्यावर निळी पट्टी. खोली सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला सांगितलं की तो पहारेकऱ्याचा पिंजरा. त्यातल्या उंदराला कुणी टोचत नाही, कापत नाही. फक्त पिंजरे साफ करताना प्रत्येक पिंजऱ्यातला चिमूटभर मळका भुसा एका वाडग्यात गोळा करायचा आणि त्याच्या अंगावर टाकायचा. खोलीत कुठेही काही रोग असला तर तो शेवटी याच्यात उतरणार. मग याला तपासलं की सगळ्या खोलीचं कळतं.

"म्हणजे सगळ्यांचं सगळं याच्या वाट्याला," गंमतवाला म्हणाला.

"त्याचं कामच ते," मावशी म्हणाल्या. जुना पहारेकरी तपासणीला गेला होता, नवा अजून यायचा होता. पिंजरा रिकामा होता. तरी मावशींनी वाडग्यातला भुसा त्यात टाकला, दोन बोटं एकमेकांवर चोळून झटकली आणि झाकण लावलं. हाताला सवय पडलेली.

इथं गंमतवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला.

त्याचं म्हणणं असं, की रोज बघणारा माणूस काही दिवसांनी बघायचा थांबतो. पिंजरे बघितले, असं सगळे सांगायचे, पण मागच्या खेपेला एका पिंजऱ्याची पाण्याची नळी तुंबलेली त्यालाच दिसली होती. तेव्हा एक परीक्षा घ्यायची. दुकानात रबरी उंदरांचं खोकं होतंच. पांढरे, मऊ, डोळे म्हणजे रंगाचे दोन गोल काळे टिपके. पुढच्या तपासणीला त्यातला एक टोपीत लपवून तो आत गेला आणि बाईंची पाठ वळल्यावर पहारेकऱ्याच्या पिंजऱ्यात, भुशात अर्धा बुजवून, ठेवून आला. बेत असा, की पुढच्या बैठकीत विचारायचं, नवा पहारेकरी कसा आहे? सगळे म्हणणार, छान आहे, रोज बघतो. मग बाँब फोडायचा. चांगली खोड मोडली असती.

महिन्याभरानं तो खोलीत गेला तेव्हा मावशी नळ्या भरत होत्या. त्यानं सरळ चेहऱ्यानं चौकशी केली. नवा पहारेकरी काय म्हणतो?

"खातो बरा," मावशी म्हणाल्या.

गंमतवाला मनातल्या मनात टाळी पिटत खाली वाकला. पिंजऱ्यातलं पाणी निम्म्यावर आलं होतं. दाण्यांच्या कडा कुरतडलेल्या. भुसा कोपऱ्यात ओढून गोल घरटं केलेलं, आणि घरट्यात त्याचा रबरी उंदीर, दुसरं कुणीच नाही. त्याला आधी वाटलं, चोरावर मोर झाला. मावशींनी ओळखलं आणि उलट आपलीच टोपी उडवताहेत. तो कौतुकानं त्यांच्याकडे वळला. मावशी नळ्या भरत होत्या. गंमत करणाऱ्या माणसाची पाठ कशी असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ही तशी पाठ नव्हती.

बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या, जरा गोंधळलेल्या. खोली एकदम शांत झालीय, म्हणाल्या. सगळे शून्यावर. प्रोफेसर नाचताहेत.

तो दुपारी घरी गेला तर दारातच थबकला. आतून कचकच आवाज येत होता. बायको उघड्या खिडकीत, वाऱ्यात, काकडी खात बसली होती.

"आज बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही हात धुऊन या."

त्यानं कुणाची दृष्ट लागायला नको म्हणून काही विचारलं नाही. चार दिवस गेले, आठवडा गेला. ती दात घासताना गुणगुणू लागली. गोळ्या कमी झाल्या, मग बंद झाल्या. एका संध्याकाळी तिनं चहा आणून ठेवला आणि समोर बसून राहिली. त्यानं घोट घेतला. चहात साखरेऐवजी मीठ होतं, तेही सढळ हातानं. गंमतवाल्यानं चेहऱ्याची घडी मोडू दिली नाही. अख्खा कप प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, "साखर जरा कमी होती."

ती हसली. हसली म्हणजे काय, खुर्चीवरून खाली बसली, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं. तो श्वास धरून तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत होता. डोळा आवळला नाही. काहीच झालं नाही. ती नुसती हसत होती.

त्याला तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात जावं लागलं.

त्यानंतरच्या तपासणीला तो शीळ घालत गेला. औषध तिला कुणी दिलं नव्हतं, तेव्हा औषधाचा संबंध नाही, आजार आपोआप ओसरला, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. आता तेवढा रबरी उंदीर उचलायचा आणि विषय संपवायचा. तो खालच्या फळीपाशी बसला. डोळे लाल अंधाराला सरावेपर्यंत थांबला. हालचाल न करता.

मग त्याला चेहरा दिसला.

रंगाचे गोल टिपके गोल राहिले नव्हते. दोन चिरा झाल्या होत्या, डावी जास्त आवळलेली. कान मागे चिकटले होते. गाल चपटे. तोंड डावीकडे ताणलेलं.

उष्णतेनं रबर आक्रसतं, असं तो स्वतःशी म्हणाला. धंदा त्याचाच होता, रबर कसं वागतं ते त्याला माहीत होतं. त्यानं झाकणाकडे हात नेला. आणि त्या हालचालीसरशी चिरा उघडल्या. टिपके पुन्हा गोल झाले. कान वर आले. समोर दुकानातला उंदीर, जसा खोक्यातून काढला तसा.

माणूस समोर आला की लपवतो.

तो हात मागे घेऊन उठला. उचलला नाही. मावशींच्या शेजारून जाताना त्यानं हळूच विचारलं की तुम्हाला त्यात काही वेगळं दिसलं का. मावशी वाडग्यात भुसा गोळा करत होत्या, एकेका पिंजऱ्यातला चिमूटभर.

"तो आहे म्हणून बाकीचे निवांत आहेत," त्या म्हणाल्या. "हात नका लावू."

त्यानं खरंच हात लावला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या खेपेलाही नाही. घरी बायको दाणे चावून खात होती, शेजारणीला जुने किस्से सांगत होती. दुकानात त्यानं रबरी उंदरांचं खोकं एकदा उघडून बघितलं. सगळे गोल डोळ्यांनी वर बघत होते. त्यानं झाकण लावून खोकं माळ्यावर टाकलं.

मग बैठक लागली. प्रोफेसरांना प्रकल्प वाढवून हवा होता, उंदीर दुप्पट हवे होते. औषध चमत्कार करतंय, म्हणाले. डॉक्टरीणबाई उठल्या. औषध टोचलेले उंदीर शांत आहेत, हे खरं. पण नुसतं मिठाचं पाणी टोचलेलेही तितकेच शांत आहेत. म्हणजे हे औषधाचं काम नाही. काय आहे ते कळेपर्यंत बंद करा, खोली रिकामी करा, पिंजरे धुऊन काढा. मंडळी दोन बाजूंना सारखी वाटली गेली. सगळ्यांच्या माना बाहेरच्या माणसाकडे वळल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला चेहरा सरळ ठेवायला कष्ट पडले. पिंजरे धुऊन काढा, हेच तेवढं त्याला ऐकू आलं होतं. धुतले की तो उंदीर जाणार. तो गेला की काकडीचा आवाज जाणार.

आधी खोली बघतो, मग मत देतो, असं तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई त्याच्याबरोबर आत आल्या. मावशी वाडगा घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. बाई पिंजऱ्यामागून पिंजरा बघत गेल्या. प्रत्येकापुढे दगडासारखं उभं राहायचं, मग हळूच बोलायचं. शून्य. शून्य. शून्य. शेवटी खालच्या फळीपाशी उकिडव्या बसल्या.

तिथंही दगडासारख्या थांबल्या.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोन. दोन. सगळेच दोन."

"मॅडम, ते रबराचं आहे. मीच ठेवलं होतं. गंमत म्हणून."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी उचलून बघितलं होतं मी. तेव्हा थंड होतं."

लाल उजेडात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"जिवंत जनावर असतं तर मी विचारलं नसतं, झोपवलं असतं. याच्यासाठी आमच्याकडे नियम नाही. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही सांगा."

त्याला सांगता आलं असतं. रबराला कसला नियम, असं हसून म्हणायचं आणि बाहेर पडायचं. एवढं वाक्य तयारही होतं. घरी बायको जेवायची थांबली असेल.

तो बाईंच्या शेजारी बसला आणि हलला नाही.

हळूहळू रबरी उंदरानं चेहरा सोडला. आता त्यात उंदराचं फारसं काही उरलं नव्हतं. डावा डोळा कसा मिटायचा, ओठ कुठपर्यंत ताणला जायचा, कळ ओसरताना हनुवटी कशी थरथरायची, हे सगळं गंमतवाल्याच्या घरचं होतं. दोन वर्षं त्यानं पेपरच्या आडून बघितलेलं.

तो उंदीर बायकोच्या चेहऱ्यानं दुखत होता, आणि आवाज करत नव्हता.

गंमतवाल्यानं झाकण काढलं. आत हात घातला. रबर गरम होतं, आणि तळहातात काहीतरी फार भरभर धडधडत होतं. त्यानं मूठ मिटली.

"माझं मत बंद करा," तो म्हणाला. "लिहून घ्या."

मावशी पुढे आल्या. वाडगा भरलेला होता.

"मग आता हे कुठे टाकू?"

माणसाचं तोंड कधीकधी त्याच्या आधी धावतं. इतकी वर्षं धंदाच तो. त्यानं रबरी उंदीर सदऱ्याच्या खिशात सरकवला, खिसा दोन बोटांनी उघडा धरला आणि म्हणाला, "टाका इथं."

मावशी हसल्या नाहीत. चिमूटभर भुसा घेतला, त्याच्या खिशात टाकला आणि बोटं एकमेकांवर चोळून झटकली.

घरापर्यंत तो जवळजवळ पळत गेला. बायको दारात उभी होती. त्यानं आधी तिच्या डोळ्याकडे बघितलं. तिनं उशीर झाला म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग त्याच्या डोक्यावर अजून ती कागदी टोपी बघून हसत सुटली. डोळा आवळला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. खिशातून काढलेला उंदीर थंड आणि गोल डोळ्यांचा होता. त्यानं तो दुकानातल्या खोक्यात परत टाकला. खोकं हलवल्यावर त्यातला तो कुठला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

प्रकल्प बंद झाला. पिंजरे अजून रिकामे करायचे होते तेव्हा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. औषध थांबवलंय, मिठाचं पाणीही थांबवलंय, तरी खोली शांतच आहे. सगळे शून्यावर.

"मग ते जातंय कुठे?" बाईंनी विचारलं.

मी रबर विकतो मॅडम, मला काय विचारता, असं म्हणून त्यानं हसून फोन ठेवला. पुढच्या बैठकीला या, म्हणत होत्या त्या. तो गेला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीलाही कारण सांगितलं. दुकानासमोरून बाई जाताना दिसल्या की तो काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकायचा. बाईंना चेहरे वाचता यायचे, आणि हद्दीपलीकडे दुखणाऱ्याचा त्यांचा तो नियम त्याला पाठ होता.

काल दुपारी जेवण झाल्यावर तो पडला होता. शेजारी बायको पाठीवर झोपलेली, श्वास संथ, चेहरा कसा पाण्यासारखा निवांत. खिडकीतून ऊन येत होतं. त्याला झोप लागत नव्हती. पापण्या जरा किलकिल्या करून तो छताकडे बघत होता.

बायकोचा हात हलला.

डोळे मिटलेलेच. हात तिच्या उशीवर गेला. दोन बोटांनी उशीवरचं काहीतरी उचललं. मग तो हात त्याच्या बाजूला आला आणि त्याच्या उशीवर, गालाजवळ, चिमूट मोकळी झाली. बोटं एकमेकांवर चोळली गेली. झटकली गेली.

भुशाचा वास आला.

तो हलला नाही.

थोड्या वेळानं ती उठली, केस बांधले, आणि वाकून त्याच्याकडे बघितलं. "झोपलात का हो?" तिनं विचारलं. गंमतवाल्याचा चेहरा पाटीसारखा कोरा होता. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. ती गुणगुणत स्वयंपाकघरात गेली, चहाचं भांडं वाजलं, आणि साखरेच्या डब्याऐवजी मिठाची बरणी उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ तिचं दाबलेलं हसू.

ती तिकडेच आहे, लगेच येत नाही, याची त्यानं खात्री करून घेतली. आणि मग चेहरा सोडला.